शिंपल्याचे शत्रू आणि समुद्रातले गवत

१६०८ च्या उन्हाळ्यात कॅप्टन जॉन स्मिथ हा इंग्रज दर्यावर्दी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा चेसापीक उपसागर धुंडाळत होता. रॅपाहॅनॉक नदीच्या मुखाशी ओहोटी लागली आणि त्याची नाव उथळ पाण्यात रुतून बसली. भरती येईपर्यंत करण्यासारखे काही नव्हते. खाली गवतात मासे दबा धरून बसलेले दिसत होते, म्हणून स्मिथने तलवारीच्या टोकाने ते टोचून काढायला सुरुवात केली. त्यातल्या एका माशाने शेपटीचा काटा त्याच्या मनगटात खुपसला. हात, खांदा, छाती सुजत गेली. आता हा वाचत नाही असे समजून सोबत्यांनी जवळच्या बेटावर त्याची कबरही खणली. संध्याकाळी मात्र वेदना उतरल्या, आणि ज्याने डंख केला त्याच माशाचे जेवण करून स्मिथ पुढच्या प्रवासाला निघाला. त्या जागेला आजही स्टिंगरे पॉइंट म्हणतात.

तो मासा म्हणजे पाकट. गाईच्या नाकासारखे फुगीर तोंड असलेला, इंग्रजीत काऊनोज रे म्हणतात तो पाकट, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो गवतात का आला होता, याचे उत्तर गवताखालच्या वाळूत आहे. तिथे शिंपले राहतात.

समुद्रगवत हे शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, जमिनीतून आडवी धावणारी खोडे असतात, फुले येतात, बी धरते. चेसापीकच्या दक्षिण भागात ईलग्रास नावाचे गवत वाढते, तर उत्तर कॅरोलिनाच्या उथळ खाड्यांत ईलग्रासबरोबर उष्ण पाण्यातले शोलग्रासही भेटते. भारतात अशी मोठी कुरणे पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमानात आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे गवत विरळ आहे. कोकणात तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचे हात चिखलात आणि वाळूत फिरतात, गवतात क्वचितच. म्हणून या प्रकरणातली मुख्य गोष्ट अटलांटिकच्या किनाऱ्यावरची आहे. तिथे गवत, शिंपला आणि शिकारी या तिघांचा अभ्यास गेली पन्नास वर्षे सलग झाला आहे.

तिथे दोन शिंपले महत्त्वाचे. पहिला हार्ड क्लॅम. जाड, जड, घट्ट मिटणाऱ्या कवचाचा आणि दीर्घायुषी. चाळीस वर्षे जगलेले हार्ड क्लॅम सापडतात, आणि शंभरी ओलांडलेलाही नोंदला गेला आहे. दुसरा सॉफ्ट शेल क्लॅम. याचे कवच बोटांनी चिरडता येईल इतके पातळ, आणि पाणी ओढायची-सोडायची नळी इतकी लांब व जाड की ती पूर्ण आत ओढून कवच मिटताच येत नाही. एकाने चिलखत घातले आहे, दुसरा उघडाच आहे. तरीही हजारो वर्षे दोघे एकाच उपसागरात टिकून राहिले, कारण उघड्या शिंपल्याने दुसरा उपाय शोधला. तो खोल गेला. लांब नळी पाण्यापर्यंत पोचवून तो स्वतः वीस-तीस सेंटिमीटर खाली राहू शकतो.

शत्रूंमध्ये पहिले नाव निळ्या खेकड्याचे. चेसापीकची ही चिंबोरी तिथल्या मच्छीमारांचे पोट भरते आणि स्वतःचे पोट मोठ्या प्रमाणात शिंपल्यांवर भरते. पायांची टोके वाळूत खुपसत ती चालते, खाली काही लागले की खणते आणि नांग्यांनी कवच फोडते. मेरीलँडमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या प्रयोगांत दिसले की हार्ड क्लॅम साधारण चाळीस मिलिमीटरचा झाला की निळ्या खेकड्याला तो फुटत नाही. सॉफ्ट शेल क्लॅम कितीही मोठा झाला तरी फुटतोच, पण दहा सेंटिमीटरच्या खाली गेला की खेकडा त्याच्यापर्यंत सहसा पोचत नाही. म्हणजे एकाला वय वाचवते आणि दुसऱ्याला खोली. दोघांचेही बालपण मात्र असुरक्षित. पिल्लू लहान असते तेव्हा कवच पातळ असते आणि नळी आखूड असते. शिंपल्यांच्या लोकसंख्येचा निकाल बहुतेक वेळा या पहिल्या एक-दोन वर्षांतच लागतो.

इथे गवताची भूमिका सुरू होते. उत्तर कॅरोलिनात मोरहेड सिटी या गावी विद्यापीठाची समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथले चार्ल्स पीटरसन यांनी १९८० च्या दशकात केलेले प्रयोग साधे होते आणि म्हणूनच पटणारे होते. गवताच्या कुरणातल्या काही चौकोनांतून गवत काढून टाकायचे, काहींत ठेवायचे, दोन्हींत मोजून शिंपले पेरायचे आणि काही महिन्यांनी किती उरले ते खणून पाहायचे. तिथला मुख्य शिकारी व्हेल्क नावाचा मोठा मांसाहारी शंख होता. तो आपल्या कवचाच्या कडेने शिंपल्याची कड घासून तोडतो आणि फटीतून सोंड आत घालतो. गवत काढलेल्या जागी शिंपले जास्त मेले. वर डुलणाऱ्या पात्यांपेक्षा खाली काय आहे ते इथे जास्त महत्त्वाचे. मुळे आणि आडवी खोडे एकमेकांत गुंतून काथ्याच्या जाड पायपुसण्यासारखा एक थर बनतो. त्यातून शंखाला नांगरत जाता येत नाही, खेकड्याला खणता येत नाही. त्या थरात बसलेला शिंपला दिसला, जाणवला, तरी उपटून काढणे कष्टाचे असते.

एवढ्यावर थांबलो तर गवत म्हणजे शिंपल्याचा किल्ला असे सुटसुटीत चित्र तयार होईल, आणि ते अर्धवट राहील. कारण त्याच गवतात शिकारीही वाढतात. निळ्या खेकड्याच्या अळ्या उपसागराच्या मुखाशी जन्मतात, समुद्रात जातात आणि परत येऊन उतरतात त्या गवतातच. मोठ्या माशांपासून लपायला खेकड्याच्या पिल्लालाही तीच पाती उपयोगी पडतात. पीटरसन आणि समरसन या दोघा संशोधकांनी दाखवले की दिवसभर गवतात दडलेले शिकारी रात्री बाहेर येतात आणि लगतच्या उघड्या वाळूत चरतात. त्यामुळे कुरणाच्या शेजारची वाळू ही शिंपल्यासाठी धोक्याची जागा ठरते. गवत सलग असेल तर आतला शिंपला सुरक्षित राहतो. तेच गवत तुकड्यातुकड्यांत उरले तर कडा वाढतात, आणि प्रत्येक कडेपासून शिकारी पुढे सरकतो. बोटींचे पंखे कुरणात चर पाडतात तेव्हा नुकसान फक्त उपटलेल्या गवताचे होत नाही, ते याच कारणाने.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती न मारता केलेली हानी. हार्ड क्लॅमला डोळे नाहीत, मेंदू म्हणावा असा मेंदू नाही. तो नळीने पाणी ओढतो, गाळतो आणि सोडतो. हे सोडलेले पाणीच त्याचा ठावठिकाणा फोडते, कारण निळा खेकडा त्या वासाच्या धारेचा माग काढत येतो. पण त्याच पाण्यातून खेकड्याचा वासही शिंपल्याकडे येतो. डेल्बर्ट स्मी आणि मार्क वाइसबर्ग यांनी प्रयोगांतून दाखवले की खेकड्याचा, शंखाचा किंवा फोडलेल्या जातभाईचा वास आला की हार्ड क्लॅम पाणी ओढणे कमी करतो. तो गप्प बसतो. गप्प बसल्याने त्याचा माग लागत नाही, पण खाणेही थांबते. रोज शत्रूच्या वासात राहणारा शिंपला कमी वाढतो, आणि कमी वाढला की चाळीस मिलिमीटरचा पल्ला उशिरा गाठतो. त्याशिवाय लहान मासे वाळूबाहेर आलेल्या नळीची टोके कुरतडतात. शिंपला मरत नाही, नळी पुन्हा उगवते, पण तो खर्च वाढीतून वजा होतो. गवतात हे कुरतडणे कमी होते. उत्तर कॅरोलिनात गवतातले हार्ड क्लॅम उघड्या वाळूतल्यांपेक्षा जास्त वाढलेले सापडले, त्यामागच्या कारणांत याचाही वाटा असावा असे तिथल्या शास्त्रज्ञांनी मांडले.

शिंपल्यांच्या दाटीचाही प्रश्न आहे. स्मिथसोनियन संस्थेचे अँसन हाइन्स आणि व्हर्जिनियाच्या समुद्रविज्ञान संस्थेचे रोमुआल्ड लिपशियस यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला सॉफ्ट शेल क्लॅमवरचा प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. वाळूत शिंपले विरळ झाले की खेकडा शोधणे सोडून देतो. उरलेले थोडे जगतात, आणि त्यांच्यापासून पुढची पिढी उभी राहू शकते. चिखलात असे होत नाही, तिथे खेकड्याला खणणे सोपे जाते आणि तो शेवटच्या शिंपल्यांपर्यंत पोचतो. शिकारी किती भुकेला आहे यापेक्षा तो कोणत्या तळावर शिकार करतो आहे, यावर निकाल ठरला.

१९७२ च्या जूनमध्ये चेसापीकवर अॅग्नेस वादळ आले. अफाट गोडे पाणी आणि गाळ उपसागरात उतरला. सॉफ्ट शेल क्लॅम मोठ्या प्रमाणावर मेले, ईलग्रासची कुरणेही मागे हटली. वादळे येतात आणि जातात, शिंपले पुन्हा भरून येतात, असा अनुभव होता. या वेळी ते पूर्वीसारखे भरून आले नाहीत. खेकडे होते, रोग होता, उन्हाळी पाणी तापत होते आणि आसरा देणारे गवत घटले होते. थोड्या उरलेल्या शिंपल्यांना खेकडे संपवत नाहीत, पण वरही येऊ देत नाहीत.

आता पुन्हा पाकटाकडे वळू. काऊनोज पाकट मे महिन्यात थव्याने चेसापीकमध्ये येतात, पिल्ले घालतात आणि शरद ऋतूत दक्षिणेला फ्लोरिडाकडे जातात. तळाशी उतरून ते पंख फडफडवतात, तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांतून सोडतात आणि वाळू उडवून खड्डा करतात. मग सपाट, फरशीसारख्या जुळलेल्या दातांनी कवच चिरडतात. गवताच्या मुळांचा थर खेकड्याला अडवतो, पण पाकटांच्या मोठ्या थव्याला नेहमीच अडवू शकत नाही. रॉबर्ट ऑर्थ यांनी १९७५ मध्ये लिहिले की पाकटांनी शिंपल्यांसाठी खणताना चेसापीकमधली ईलग्रासची कुरणेच्या कुरणे उपटली होती. किल्ला फोडणारा शिकारी तो हा.

मार्च २००७ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात एक निबंध प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. रॅन्सम मायर्स हे त्याचे पहिले लेखक. अंक निघण्याच्या तीनच दिवस आधी त्यांचे निधन झाले. पीटरसनही लेखकांत होते. मांडणी अशी: अटलांटिकच्या किनाऱ्यावर मोठ्या शार्कच्या अकरा जाती मासेमारीने घटल्या. शार्क घटले म्हणून त्यांचे भक्ष्य असलेले पाकट वाढले. पाकट वाढले म्हणून उत्तर कॅरोलिनातले बे स्कॅलॉप, म्हणजे गवतात राहणारे पंख्याच्या आकाराचे शिंपले, संपले आणि शंभर वर्षांचा तो धंदा २००४ मध्ये बंद पडला. वरचा शिकारी गेला की खालची साखळी कशी ढासळते याचे हे आदर्श उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत गेले.

गोष्ट ऐकायला सुंदर होती आणि तिच्यात खलनायक होता. व्हर्जिनियात पाकट खा आणि उपसागर वाचवा, अशी मोहीम निघाली. उन्हाळ्यात धनुष्यबाणाने पाकट मारण्याच्या स्पर्धा भरू लागल्या. मारलेल्या पाकटांत पिल्ले घालायला आलेल्या गाभण माद्याही होत्या.

२०१६ मध्ये फ्लोरिडाच्या डीन ग्रब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उदाहरण तुकड्यातुकड्याने तपासले. काऊनोज मादी सहा ते आठ वर्षांनी वयात येते. जवळजवळ वर्षभर गर्भ वाहते आणि वर्षाला एकच पिल्लू घालते. असा प्राणी निबंधात धरलेल्या वेगाने वाढूच शकत नाही. शार्कची घट आणि पाकटांची वाढ यांचे काळही जुळत नव्हते. पाकटांच्या पोटात जे सापडते त्यात पातळ कवचाचे शिंपले जास्त, स्कॅलॉप आणि कालवे फार कमी. चेसापीकची कालवे तर अतिउपशाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच घसरणीला लागली होती आणि १९५९ पासून रोगांनी ती आणखी खचली. उत्तर कॅरोलिनाच्या स्कॅलॉपवर १९८७-८८ च्या हिवाळ्यात विषारी शैवालाची लाट येऊन गेली होती. जेमतेम दोन वर्षे जगणाऱ्या प्राण्याचा एक हंगाम बुडाला तर पुढचा हंगाम कुठून येणार?

मला वाटते, २००७ च्या निबंधातले प्रयोग खोटे नव्हते. पाकटांचा थवा एखाद्या दाट जागेवरचे स्कॅलॉप थोड्याच काळात फस्त करतो, हे पीटरसन यांनी प्रत्यक्ष कुंपणे घालून दाखवले होते. चूक झाली ती एका खाडीतल्या एका कुरणावरून अख्ख्या किनाऱ्याचा निष्कर्ष काढण्यात. शिकारी आणि भक्ष्य यांच्यामध्ये गवत, गाळ, रोग, गोडे पाणी आणि माणसाचे जाळे असते. ते सगळे वगळून फक्त कोण कुणाला खातो हे पाहिले की खाणारा गुन्हेगार दिसतो. मेरीलँडने २०१७ मध्ये पाकट मारण्याच्या स्पर्धांवर कायद्याने तात्पुरती बंदी आणली.

शिकाऱ्याने गवताचे भले केल्याचीही उदाहरणे आहेत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सागरी पाणमांजरे फरच्या व्यापाराने नामशेष झाली होती. १९६९ ते १९७२ या काळात अलास्काहून ८९ पाणमांजरे आणून व्हँकुव्हर बेटाजवळ सोडली गेली. ती ईलग्रासमध्ये शिंपले खणतात आणि तळाला खड्डे पाडतात. गवताची नासाडी दिसते ती. पण एरिन फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की पाणमांजरे दशकानुदशके राहिलेल्या कुरणांत गवताची जनुकीय विविधता ३० टक्क्यांपर्यंत जास्त आहे. ईलग्रास एरवी आडव्या खोडांनी पसरते, म्हणजे तेच रोप पुढे पुढे जाते. खड्ड्यांमुळे उघडी जमीन आणि उजेड मिळतो, गवत फुलते, बी रुजते.

आणि शिंपल्यानेही गवताचे ऋण फेडल्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आफ्रिकेत आहे. मॉरिटानियाच्या बांक दार्गां राष्ट्रीय उद्यानात, सहाराच्या वाळवंटाला लागून, उथळ समुद्रात गवताची विस्तीर्ण कुरणे आहेत. हिवाळ्यात वीस लाखांहून अधिक किनारपक्षी तिथे उतरतात. गवताखालच्या गाळात सडणाऱ्या पानांमुळे सल्फाइड साचते आणि ते मुळांना विषारी असते. लोरिपेस नावाच्या छोट्या शिंपल्याच्या कल्ल्यांत जिवाणू राहतात, ते हे सल्फाइड वापरून अन्न बनवतात आणि शिंपल्याला पोसतात. गवताची मुळे त्यांना ऑक्सिजन पुरवतात. डच संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेली ही तिघांची भागीदारी आहे.

तिथला शिकारी म्हणजे रेड नॉट हा सैबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पात अंडी घालणारा छोटा पक्षी. ओल्या वाळूत चोच खुपसून तो दाबाच्या लहरींवरून गाडलेले कवच ओळखतो, ते अख्खे गिळतो आणि पेषणीत दळतो. लोरिपेस मांसल आणि पातळ कवचाचा, पण सल्फाइडमुळे खाल्ला की पक्ष्याला जुलाब होतात. शेजारचा डोसिनिया निरुपद्रवी, पण कवच इतके जाड की पेषणी भरून जाते आणि पोट रिकामेच राहते. म्हणून नॉट दोन्ही मिसळून खातो. शिंपल्यांच्या दोन जातींनी दोन वेगळ्या प्रकारे शत्रूचा हात रोखला आहे. एकीने विषाने, दुसरीने दगडी कवचाने.

या हिशेबात आता दूरचा हवामानबदल शिरला आहे. यान फान खिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की तैमिरमध्ये बर्फ लवकर वितळू लागल्याने पिल्लांना कीटकांचा हंगाम चुकतो, ती लहान राहतात आणि त्यांची चोच आखूड होते. आखूड चोच मॉरिटानियात खोल बसलेल्या लोरिपेसपर्यंत पोचत नाही. अशी पिल्ले जास्त मरतात. सैबेरियात ठरलेली चोचीची लांबी आफ्रिकेतल्या गवताखाली कोणता शिंपला जगेल हे ठरवू लागली आहे.

आपल्या पुळणीवर फिरताना तिसरीच्या किंवा शिवलीच्या कवचाला कधी अगदी गोल, कड तासलेले भोक दिसते. ते नैसर्गिक झिजेचे नसते. वाळूतून सरकणाऱ्या चंद्रशंखाने आम्ल सोडत आणि कानसेसारखी जीभ फिरवत ते पाडलेले असते. हिवाळ्यात कोकणात येणारा काळा-पांढरा, लाल चोचीचा कालवफोड्याही शिंपल्यांवर जगतो. चेसापीकमधले सारे नियम इथे लागू होतील असे नाही, पण खोली, कवच, तळ आणि दाटी हे चार प्रश्न इथेही विचारता येतात. मराठीतल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते आपल्या खाडीत विचारावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. फावडे, चाळणी आणि ओहोटीचे वेळापत्रक एवढ्यावर सुरुवात होते.

शेवटी पुन्हा अटलांटिकच्या किनाऱ्याकडे. व्हर्जिनियाच्या समुद्राकडच्या खाड्यांत १९३० च्या दशकात एका रोगाने आणि १९३३ च्या चक्रीवादळाने ईलग्रास पूर्ण संपले आणि त्याबरोबर बे स्कॅलॉपही गेले. तिथे सुमारे सत्तर वर्षे गवत नव्हते. १९९९ नंतर ऑर्थ आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने गवताचे बी गोळा करून तिथे पेरायला घेतले. दोन दशकांत सात कोटींहून अधिक बिया साधारण दोनशे हेक्टरांत पडल्या. गवत पुढे स्वतःच पसरत गेले आणि ३,६०० हेक्टरांवर पोचले. स्कॅलॉपही पुन्हा सोडले गेले. हे करण्यासाठी एकही पाकट मारावा लागला नाही.